कुत्र्याची मौत

"कुत्र्याच्या मौतीनं मेला" असं आपण कुणाबद्दल म्हणतो, तेव्हा आपल्याला नेमकं काय म्हणायचं असतं? बेवारस, रस्त्याच्या कडेला, कुणी विचारलं नाही, कुणी रडलं नाही, असं मरण! म्हणजे ज्याचं दुःख कुणालाच होत नाही, ते कुत्र्याचं मरण, अशी व्याख्याच आपल्या भाषेनं करून ठेवली आहे. मग एखाद्याला ते दुःख झालंच, तर त्यानं काय करावं? भाषेत त्यासाठी शब्द नाही, समाजात त्याची रीत नाही आणि आपल्या अकॅडमिक कॅलेंडरमध्ये तर सुट्टी नाहीच नाही!

मित्रांनो, हा लेख त्या दुःखाबद्दल आहे. गेली दोन वर्षं मी रविवारी गावाबाहेरच्या एका छोट्या शेल्टरमध्ये जाते. तिथला भुऱ्या नावाचा कुत्रा आठ महिने किडनीच्या आजारानं आजारी होता आणि २०२५ च्या जुलैमध्ये गेला. त्यानंतर हॉस्टेलवर मला जे प्रश्न विचारले गेले, ते असे : "तुझा होता का?" "घरी पाळलेला होता का?" "मग एवढं काय?" त्यांचा राग मला आला नाही, कारण खरं सांगायचं तर तिसरा प्रश्न मलाही पडला होता. एवढं काय? म्हणून मी वाचत गेले. जे कळलं ते इथे मांडते आहे.

सुरुवात एका प्रसिद्ध कुत्र्यापासून करू. मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकात झंजीर नावाचा एक लॅब्राडोर होता. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत एकामागून एक स्फोट झाले, २५७ माणसं गेली. त्या काळात झंजीरनं वास घेऊन शोधलेल्या साठ्यांचे आकडे वाचले की छाती दडपते : ३,३२९ किलोंहून जास्त आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ जिवंत काडतुसं. ही स्फोटकं फुटली असती तर किती माणसं गेली असती, याचा हिशेब कुणीच करू शकत नाही. पुढे त्याला हाडांचा कॅन्सर झाला. १६ नोव्हेंबर २००० रोजी परळच्या जनावरांच्या दवाखान्यात तो वारला, तेव्हा तो जेमतेम आठ वर्षांचा होता. त्याला सन्मानानं निरोप देण्यात आला. वरिष्ठ पोलीस अधिकारी त्याच्या देहावर पुष्पचक्र वाहतानाचा फोटो आजही दरवर्षी कुणी ना कुणी फॉरवर्ड करतं. ही कुत्र्याची मौत होती, पण म्हणीतली नव्हे!

महाराष्ट्रात हे काही पहिल्यांदा घडलेलं नाही. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी दाखवतात. त्यानं महाराजांना वाघापासून वाचवलं, असं सांगतात. रायगडावर वाघ्याचं स्मारक १९३६ मध्ये उभं राहिलं. वाघ्याच्या कथेला समकालीन पुरावा नाही, असं अभ्यासक म्हणतात आणि त्यावरून वादही झाले आहेत. पण लोकांना त्या कथेची गरज वाटली, हे तर खरंच. आणि लांब कशाला जायचं? आपल्या बुलढाणा जिल्ह्यात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी होते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला हळद आणि तूप लावतात. दावणीचा म्हातारा बैल गेला तर घरात त्या दिवशी धड स्वयंपाक होत नाही, आणि शेजारचे लोक येऊन बसतात. "कायले रडता, जनावरच तं होतं" असं त्या घरात कुणी म्हणत नाही.

आता जरा थांबून बघा. झंजीर, खंड्या, वाघ्या, बैल. या सगळ्यांमध्ये समान काय आहे? ते सगळे कामाला आले. कुणी बॉम्ब शोधले, कुणी राजाचा जीव वाचवला, कुणी शेत नांगरलं. म्हणजे जनावरासाठी रडायची परवानगी आपला समाज देतो, पण आधी त्याची सर्व्हिस शीट तपासतो!

आणि इथेच शेल्टरचा कुत्रा नापास होतो. भुऱ्यानं काय केलं? काहीच नाही. त्यानं कुणाचं घर राखलं नाही, चोर पकडला नाही. एका ट्रकच्या धक्क्यानं मागचा पाय अधू झाला म्हणून तो शेल्टरमध्ये आला, आणि अधू पायाचा म्हणून त्याला कुणी दत्तक नेलं नाही. त्याचा हिशेब मांडला तर जमेची बाजू कोरी. मग त्याच्यासाठी रडू का यावं?

याचं उत्तर त्याच्या आजारात आहे, म्हणून आधी तो आजार समजून घेऊ. आपण डिझाइनमध्ये फॅक्टर ऑफ सेफ्टी ठेवतो ना, तसा निसर्गानं किडनीत ठेवला आहे. किडनीचं साधारण दोन-तृतीयांश काम बंद पडेपर्यंत बाहेरून फारसं काही दिसतच नाही. मग कुत्रा जास्त पाणी प्यायला लागतो, जास्त लघवी करतो, वजन उतरतं, तोंडाला वास येतो, खाण्यावरची वासना जाते. घरातल्या एकट्या कुत्र्याचं जास्त पाणी पिणं चटकन लक्षात येतं. पण जिथे तीस कुत्री एकाच हौदावर पाणी पितात, तिथे कोण किती प्यालं हे कोण मोजणार? त्यामुळे २०२४ च्या दिवाळीनंतर रक्त तपासलं, तेव्हा क्रिएटिनिन खूप वर गेलेलं होतं.

जुनाट झालेला किडनीचा आजार उलटा फिरत नाही. गेलेला भाग परत येत नाही, उरलेल्याला सांभाळायचं असतं. त्यासाठी फॉस्फरस कमी असलेलं खाणं, मळमळीचं औषध आणि एक दिवसाआड कातडीखाली सलाईन. खांद्यापाशी चिमटीत कातडी उचलून सुई टोचायची, बाटली उंच धरायची. थोड्या वेळानं तिथे उंटासारखा उंचवटा येतो आणि काही तासांत जिरून जातो. शेल्टर सांभाळणारे काका मला म्हणायचे, "पोरी, आज त्यानं दोन घास खाल्ले. आजचा दिवस आपला." या एका वाक्यात त्या आजाराचं सगळं शास्त्र आलं. तो बरा होणार नव्हता. त्याचा एकेक दिवस बरा जावा, एवढंच करायचं होतं.

आता दुःखाकडे येऊ. एरिक लिंडेमान या मानसोपचारतज्ज्ञानं १९४४ मध्ये शोकावर एक गाजलेला निबंध लिहिला. माणूस जाण्याआधीच त्याच्या जाण्याचा शोक सुरू होऊ शकतो, हे त्यानं त्यात मांडलं. लांबलेल्या आजारात हेच होतं. रिपोर्ट आला त्या दिवशी एकदा, खाणं सुटलं त्या दिवशी एकदा, उठून शेपूट हलवणं थांबलं त्या दिवशी एकदा, असं तुकड्यातुकड्यांनी माणूस रडून घेतं. त्यामुळे प्रत्यक्ष मृत्यूच्या दिवशी अनेकांना आधी काय वाटतं, माहीत आहे? सुटल्यासारखं! आणि लगेच त्या सुटकेचीच लाज वाटते. "म्हणजे तो जावा असं मला वाटत होतं का?" हा प्रश्न छळतो.

याचं उत्तर मला मटेरिअल सायन्सच्या नोट्समध्ये सापडलं, हसू नका. परीक्षेत 'क्रीप'वर हमखास प्रश्न असतो. लोड फार मोठा नसतो, यिल्ड स्ट्रेंग्थच्या बराच खाली असतो. पण तापमान चढलेलं असतं आणि लोड कायम असतो, म्हणून धातू हळूहळू ताणला जातो. लोड काढला की त्याच्यावरचा भार उतरतो, ही झाली सुटका. पण आलेला ताण बराचसा तसाच राहतो, हे झालं दुःख. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. सुटल्यासारखं वाटलं म्हणून प्रेम कमी होतं, असं अजिबात नाही. इतके महिने भार उचलून धरला होता, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा शोध मला जास्त महत्त्वाचा वाटला. केनेथ डोका या अभ्यासकानं १९८९ मध्ये एका प्रकारच्या शोकाला नाव दिलं. मराठीत त्याला 'हक्क नाकारलेला शोक' म्हणता येईल. ज्याचं दुःख समाज दुःख म्हणून मोजतच नाही, त्याचा शोक. तिथे कुणी भेटायला येत नाही, कुणी डबा आणून देत नाही, "दोन दिवस राहू दे तुझं सबमिशन" असंही कुणी म्हणत नाही. त्यामुळे दुःख कमी होत नाही, फक्त ते लपवायचं काम वाढतं. शेल्टरच्या कुत्र्याच्या बाबतीत तर हक्क दोनदा नाकारला जातो : एक म्हणजे तो कुत्रा, आणि दुसरं म्हणजे तो 'तुझा' नाही!

पण 'माझा' म्हणजे काय? २०१५ मध्ये मिहो नागासावा आणि सहकाऱ्यांनी जपानमध्ये केलेला एक प्रयोग 'सायन्स' या पत्रिकेत आला. कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत बराच वेळ बघत राहिले, की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि तान्ह्या बाळाच्या नात्यात काम करणारं हेच ते हार्मोन. वाढलेल्या ऑक्सिटोसिनमुळे आणखी बघावंसं वाटतं, म्हणजे चक्क पॉझिटिव्ह फीडबॅक लूप! आता सलाईनची बाटली संपायला वीस मिनिटं लागत असतील, आणि त्या वीस मिनिटांत आजारी कुत्रा तुमच्याकडेच बघत असेल, तर आठ महिन्यांत काय होईल? हा लूप कुत्र्याचा मालक कोण, हे विचारत बसत नाही.

म्हणजे तो आपल्या कामाला आला की नाही, हा प्रश्नच इथे फिजूल ठरतो. आपण त्याच्या कामाला आलो, तिथूनच नातं तयार झालं. आणि हे आजकालच्या शहरी लाडांचं खूळ आहे असं कुणी म्हणेल, तर त्याला जर्मनीतल्या बॉनजवळच्या ओबरकासलची गोष्ट सांगावी. तिथे १९१४ मध्ये खाणीत काम करताना एक दफन सापडलं : एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्यासोबत कुत्रा. काळ सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचा. २०१८ मध्ये त्या कुत्र्याच्या दातांचा नव्यानं अभ्यास प्रसिद्ध झाला. ते पिल्लू साधारण सात महिन्यांचं होतं. मरण्यापूर्वी त्याला बहुधा डिस्टेंपर झाला होता, आणि तोही एकदा नव्हे, तर तीन वेळा उसळला होता. कुणी ऊब, पाणी आणि स्वच्छता दिली नसती तर ते एवढे आठवडे जगलंच नसतं, असं संशोधकांचं म्हणणं आहे. त्या आजारात ते पिल्लू शिकारीच्या कामाचं नव्हतं, राखणीच्याही नाही. शेती सुरू व्हायच्या आधीची ती माणसं, स्वतःच्या पोटाची भ्रांत! तरी त्यांनी एका निकामी, आजारी पिल्लाची उस्तवार केली आणि त्याला आपल्या माणसांसोबत पुरलं. पोळ्यापेक्षा आणि पुष्पचक्रापेक्षा ही रीत कितीतरी जुनी आहे.

आता थोडं उपयोगाचं. शोकाच्या 'पाच पायऱ्या' आपल्याला पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटच्या लेक्चरला पाठ करून घेतात. पण एलिझाबेथ कुबलर-रॉस हिनं १९६९ मध्ये त्या मांडल्या त्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्या प्रत्येकानं त्या क्रमानं चढल्याच पाहिजेत, असा काही सिलॅबस नाही. कुणी आठवड्यात सावरेल, कुणाला सहा महिन्यांनी औषधाच्या दुकानात सलाईनची बाटली दिसली की भरून येईल. दोन्ही ठीक.

शेल्टरच्या कुत्र्याचं नाव, तो आला ती तारीख, गेला ती तारीख आणि त्याची एखादी खोड वहीत लिहून ठेवावी. पुरताना खड्डा खोल घ्यावा, विहिरीपासून आणि नाल्यापासून लांब. वर दगड रचावेत, म्हणजे दुसरी जनावरं उकरत नाहीत. बरोबरच्या कुत्र्यांकडेही लक्ष ठेवावं. इटलीत ४२६ कुत्रे-मालकांकडून माहिती घेऊन केलेला एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. सोबतचा कुत्रा गेल्यावर उरलेल्याच्या वागण्यात फरक पडला, असं ८६ टक्के लोकांनी सांगितलं : खाणं कमी, खेळणं कमी, माणसाच्या मागेमागे राहणं जास्त. अशा वेळी त्याच्या जेवणाची आणि फिरण्याची वेळ बदलू नये. हाच सल्ला माणसांनाही लागू पडतो. सलाईनची वेळ रिकामी झाली की ती खायला उठते. त्या वेळेला दुसऱ्या कुणाचं तरी पाणी भरावं, गोचीड काढावेत. जागा भरली जात नाही, पण हात रिकामे राहत नाहीत.

आणि ज्यांना कुत्र्यांचं काही वाटत नाही, अशा मित्रमैत्रिणींना एवढीच विनंती. तुम्ही शोक करावा अशी कुणाची अपेक्षा नाही. भाषेतली म्हण बदलणंही आपल्या हातात नाही. पण आपल्या मजल्यावर कुणी उगाच गप्प दिसलं आणि कारण कुत्र्याचं निघालं, तर "तुझा होता का?" हे विचारू नका. त्याऐवजी विचारा, "त्याचं नाव काय होतं?" समोरचा पाचदहा मिनिटं बोलेल. तेवढं ऐकून घ्या, मग खुशाल मेसला जा.