गोवर पुसतो शरीराची आठवण

गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला की लेकराबाळांचं बोलणं निघतं, आणि एक वाक्य हमखास कानावर येतं, "गोवर एकदा निघून गेला की लेकरू काटक होतं." आज आम्ही या वाक्याबद्दलच बोलणार आहोत. संशोधन नेमकं याच्या उलट सांगतंय.

आपल्या रक्तातल्या काही पेशी झालेला आजार लक्षात ठेवतात. ज्या जंतूशी एकदा गाठ पडली, त्याची ओळख त्यांच्याकडे राहते. तोच जंतू पुन्हा आला की शरीर लगेच सावध होतं. गटाची हिशोबाची वहीच म्हणा ना. गोवराचा विषाणू शिरतो तो याच पेशींत, आणि त्यांचा नाश करतो. नेदरलँड्समध्ये लस न घेतलेल्या ७७ मुलांचं रक्त गोवराच्या आधी आणि नंतर तपासलं. २०१९ साली त्याचे निष्कर्ष आले. जुन्या आजारांशी लढणारी प्रतिद्रव्यं कुणाची ११ टक्के, तर कुणाची ७३ टक्के नाहीशी झाली होती. गोवराची नोंद वहीत राहते, बाकीची पानं फाटतात. ही कमजोरी दोन-तीन वर्षंही राहू शकते. मग सहा महिन्यांनी लेकराला न्यूमोनिया होतो, तेव्हा गोवर कुणाच्या ध्यानातही नसतो. लस घेतलेल्या मुलांत अशी पुसापुस दिसली नाही.

गोवर पसरतोही फार. रोगी उठून गेल्यावर दोन तासांपर्यंत विषाणू खोलीच्या हवेत राहू शकतो. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुंबईच्या गोवंडीत साथ आली, भिवंडी-मालेगावातही आली, लहान मुलं दगावली. दाट वस्ती आणि अर्धवट राहिलेले डोस, दोन्ही एकत्र आलं की असं होतं.

दाट वस्ती म्हटलं की आम्हाला कारखान्यावरच्या कोप्या आठवतात. आपल्या पाथर्डी तालुक्यातले कोयते दसरा-दिवाळीला बाहेर पडतात ते उन्हाळा लागल्यावरच परततात. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर असतो, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. आता बोटांवर मोजा. जानेवारीत जन्मलेलं बाळ ऑक्टोबरात नऊ महिन्यांचं होतं, ऐन निघायच्या धांदलीत. सप्टेंबरात जन्मलेलं सोळा महिन्यांचं होतं ते जानेवारीत, आई उसाच्या फडात असताना. आणि नऊ महिन्यांच्या डोसने शंभरातली साधारण पंधरा बाळं सुरक्षित होतच नाहीत. त्यांच्यासाठी दुसरा डोस लागतोच.

तेव्हा उचल घेतली की लगेच लसीकरणाचं कार्ड काढून बघा. डोसची वेळ झाली असेल तर निघण्याआधी द्या. नसेल झाली तर कार्ड कपड्यांच्या गाठोड्यात नको, आधारकार्डाबरोबर ठेवा. कारखान्याच्या गावातही सरकारी दवाखान्यात लस फुकटच मिळते, तिथल्या आशाताईंना कार्ड दाखवा. डोस चुकलाच असेल तर पाच वर्षांपर्यंत देता येतो. लसीनंतर आठवड्याभराने थोडा ताप आला, बारीक पुरळ उठलं, तर घाबरू नका.

ताप, खोकला, लाल डोळे आणि अंगावर पुरळ दिसलं तर "बाहेर पडू दे" म्हणत घरी बसू नका. दवाखान्यात अ जीवनसत्त्वाचे डोस देतात, त्याने डोळे वाचतात, जीवही वाचतो. पुरळ उठल्यापासून चार दिवस लेकराला दुसऱ्या मुलांत मिसळू देऊ नका. कडुनिंबाचा पाला उशाशी ठेवायचा तर ठेवा, आमची ना नाही, पण आधी दवाखाना.

पुढच्या बैठकीला येताना पाच वर्षांखालच्या लेकरांची कार्डं घेऊन या. कुणाचा डोस कोणत्या महिन्यात येतो ते आम्ही वहीत मांडून ठेवू, आणि त्या महिन्यात कोपीवर फोन करू.