आजींचा दंड आणि पट्ट्याचं माप

वृद्धाश्रमात सकाळचा चहा झाला, की परिचारिका रक्तदाबाचं यंत्र घेऊन खाटेखाटेशी फिरते. आजींच्या गप्पा चालूच, हात खाली लोंबतोय, पट्टा स्वेटरवरूनच गुंडाळलेला. आकडा येतो १६२. तो वहीत चढतो आणि त्यावरून गोळी वाढते.

गंमत साध्या भौतिकशास्त्राची आहे. दंड हृदयाच्या पातळीपेक्षा १० सेंटिमीटर खाली असेल, तर तेवढ्या उंचीच्या रक्ताच्या वजनामुळे यंत्र पाऱ्याच्या सुमारे ८ मिलिमीटरने जास्त दाब दाखवतं. बोलणं, तुंबलेली लघवी, पायावर पाय टाकून बसणं, यांनीही आकडा चढतो. पट्टा लहान असेल तर दाब खोटा जास्त दिसतो, फार मोठा असेल तर खोटा कमी. आणि म्हातारपणी वाळलेल्या दंडाला एकच माप कसं पुरणार? नाडी अनियमित असेल तर स्वयंचलित यंत्रही गोंधळतं. तेव्हा तीनदा मोजून सरासरी घ्यावी.

पण माझ्या मते खरी चूक वेगळीच: उभं करून कुणी मोजतच नाही. झोपलेला माणूस उभा राहिल्यावर ३ मिनिटांत वरचा दाब २० किंवा खालचा १० ने उतरला, तर चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो. बसून घेतलेला आकडा हे सांगत नाही.

पुढच्या भेटीत नोंदवही मागून पाहा. ‘उभ्याने’ असा रकाना त्यात आहे का?