पाण्याखालचे दिवस (लेखांक 11) : सिलिंडरवरचा हात

आंग्रिया बँक या समुद्रातल्या प्रवाळ-पठाराबद्दल या आठवड्यात लिहायचं ठरलं होतं. ते पुढं ढकलतो आहे, कारण धार जिल्ह्यातल्या राजगढहून, म्हणजे मोहनखेड्याच्या जैन तीर्थाशेजारच्या राजगढहून, एका कॉलेजकन्येचं पत्र आलं आणि त्यातला प्रश्न डोक्यातून जाईना. ती लिहिते, "काका, क्रिकेट म्हटलं की सचिन, बुद्धिबळ म्हटलं की आनंद. पोहण्यात मुरलीकांत पेटकर आहेत, त्यांच्यावर तर सिनेमाही आला. मग स्कूबा डायव्हिंगमधलं एकही नाव मला का सांगता येत नाही?"

कुणी म्हणेल, कुस्तो आहे की! झाक कुस्तो आहेच. 1943 मध्ये त्यानं एमिल गान्यान या अभियंत्याबरोबर श्वास घेतला की हवा देणारा रेग्युलेटर तयार केला, आणि आपण आज पाण्यात उतरतो ते त्याच्याच जोरावर. पण जगानं कुस्तोला ओळखलं ते पडद्यावरून. 'द सायलेंट वर्ल्ड'ला 1956 साली कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळालं, मग टीव्ही मालिका आली, लाल टोपी आली, 'कॅलिप्सो' जहाज आलं. त्या जहाजावरचा मुख्य पाणबुड्या होता आल्बेर फाल्को. 1962 मध्ये मार्सेलजवळ पाण्याखाली दहा मीटरवर एका पोलादी घरात तो आणि क्लोद वेस्ली सलग आठवडाभर राहिले. माणूस समुद्राच्या पोटात मुक्कामाला राहिला, तो असा पहिल्यांदा. फाल्कोचं नाव किती जणांनी ऐकलंय? कुस्तोच्या चित्रपटांवर वाढलेल्या माझ्या पिढीतल्या लोकांनाही ते आठवत नाही.

खेळात तारा जन्माला येतो तो चढाओढीतून, आणि इथं चढाओढीची गोष्टच वेगळी आहे. एका श्वासावर खोल जाणाऱ्यांना, म्हणजे फ्रीडायव्हर मंडळींना, नायक मिळाले. झाक मायोल 1976 मध्ये शंभर मीटरपर्यंत गेला आणि पुढे त्याच्यावरून 'द बिग ब्लू' हा सिनेमा निघाला. तो खेळ बघता येतो. दोर सोडलेला असतो, माणूस खाली जातो, काही मिनिटांत वर येतो, आणि तो शुद्धीवर आहे की नाही हे काठावरच्या सगळ्यांना दिसतं. आता सिलिंडर घेऊन केलेला विक्रम बघा. नुनो गोमेश 2005 मध्ये तांबड्या समुद्रात 318 मीटरवर गेला. उतरायला लागली सुमारे चौदा मिनिटं. वर यायला बारा तास! मागच्या लेखांकातलं अंगात विरघळलेल्या वायूंचं गणित आठवा, म्हणजे हे बारा तास कुठं गेले ते कळेल. एवढा वेळ तो ठरलेल्या खोलीवर थांबत, दोराला धरून, सिलिंडर बदलत वर सरकत होता. हे बघायला कोण बसणार?

शिवाय ही चढाओढ जीव घेते. शेक एक्सली हा त्याच्या पिढीतला सर्वांत जाणता गुहा-डायव्हर. 1994 मध्ये मेक्सिकोतल्या साकातोन विवरात खोलीचा विक्रम करताना तो गेला. म्हणून शिकवणाऱ्या संस्थांनी हौशी डायव्हरला चाळीस मीटरची वेस घालून दिली आणि पहिल्याच धड्यात दोन गोष्टी मनावर बिंबवायला घेतल्या : जोडीदाराला सोडायचं नाही, आकड्याच्या मागे धावायचं नाही. ज्या खेळाचा पहिला नियम हा, तिथं सचिन कसा घडणार? मला हा नियम मनापासून पटतो.

या कलेतलं कौशल्य डोळ्यांत भरत नाही, हेही आहे. नवखा माणूस हातपाय मारतो, तळाची वाळू ढवळतो आणि अर्ध्या तासात दोनशे बारचा काटा पन्नासवर आणतो. त्याच्या शेजारी तेवढाच वेळ असलेला जाणता डायव्हर प्रवाळावर हातभर अंतर राखून तरंगत असतो. फिन्स जेमतेम हलतात. वर-खाली होणं तो फक्त श्वासावर सांभाळतो. बोटीवर आल्यावर बघावं तर त्याच्या गेजवर शंभरच्या वर हवा शिल्लक. कॅमेऱ्याला यात दाखवण्यासारखं काय आहे? त्यात चेहरा मास्कखाली, तोंडात रेग्युलेटर, बोलायची सोय नाही. पाच-सहा मीटरनंतर लाल रंगही नाहीसा होतो, म्हणून खरचटलं तर रक्तसुद्धा हिरवट दिसतं.

थायलंडच्या गुहेत 2018 साली बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले, तेव्हा मात्र डायव्हरांची नावं घरोघर पोचली. रिक स्टँटन निवृत्त अग्निशामक, जॉन व्होलॅन्थन संगणकाच्या क्षेत्रातला. दोघांनी कैक वर्षं गुहा धुंडाळल्या होत्या आणि जगाला त्याचा पत्ता नव्हता. अंधारात काठावर बसलेली मुलं त्यांच्या कॅमेऱ्यात दिसली, तेव्हा जगाला ते दिसले.

आता आपल्याकडचं बघू. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास स्कूबा केलेल्या कुणाच्याही फोनमधला फोटो उघडा. पर्यटक आडवा तरंगतोय, अंगठा आणि तर्जनी जुळवून 'ठीक आहे'ची खूण करतोय, भोवती पट्ट्यापट्ट्यांचे मासे. त्याच्या मानेमागे, सिलिंडरच्या व्हॉल्व्हवर, एक हात दिसेल. बाकीचा माणूस चौकटीबाहेर. तो हात मालवणच्या गाइडचा, बहुधा गाबीत घरातल्या मुलाचा. कान दुखताहेत का, हवा किती उरली, प्रवाह कुठं ओढतोय, पाहुणा घाबरून वर झेपावणार तर नाही ना, हे सगळं तो एका हातानं सांभाळत असतो. दिवसभरात असे कितीतरी पाहुणे. हजारो घरांतल्या अल्बमात तो आहे आणि एकाही फोटोखाली त्याचं नाव नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

राजगढच्या मुलीला याहून जवळचं उदाहरण तिच्याच जिल्ह्यात सापडेल. 18 जुलै 2022 ला इंदूरहून अमळनेरला निघालेली आपली एसटी खलघाटच्या पुलावरून नर्मदेत कोसळली. अशा वेळी काठावरचे केवट आणि गोताखोर पाण्यात उतरतात. पावसाळ्यातली नर्मदा म्हणजे गढूळ पाणी, स्वतःचा हात स्वतःला दिसत नाही. पुष्कळदा सिलिंडरही नसतो. कमरेला दोर, छातीत भरलेला श्वास आणि बोटांनी चाचपडणं. बातम्यांत गाडीचा क्रमांक असतो, शोक व्यक्त करणाऱ्या मंत्र्यांची नावं असतात. पाण्यात उतरलेल्यांसाठी 'स्थानिक गोताखोर' एवढंच. विक्रमवीरांची यादी नसली तरी माझी तक्रार नाही. पण ही नावं छापायला काय हरकत आहे? धार, बडवानी, खरगोनच्या वार्ताहरांना माझी कळकळीची विनंती आहे : घाटावर जा, विचारा आणि छापा.

पत्रात आणखी एक प्रश्न होता : समुद्रापासून इतक्या लांब राहून हे शिकता येईल का? येईल. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची प्रशिक्षण संस्था आहे. पहिल्या अभ्यासक्रमासाठी साधारणपणे दोनशे मीटर न थांबता पोहता यावं लागतं आणि दहा मिनिटं तरंगता यावं लागतं. दम्याचा किंवा कानाचा जुना त्रास असेल तर आधी डॉक्टरांना दाखव. पोहण्याची तयारी जवळच्या तरणतलावात करून घे आणि पावसाळा संपल्यावर जा, कारण पावसाळ्यात मालवणचा समुद्र बंद असतो.

आंग्रिया बँक पुढच्या आठवड्यात.