श्रीमंतीच्या उपदेशाचे मोल

रेल्वेस्थानकावरील पुस्तकांच्या दुकानापासून मोठ्या शहरांतील ग्रंथप्रदर्शनांपर्यंत कोठेही गेले असता आज एका प्रकारच्या ग्रंथांची रास हमखास दृष्टीस पडते. माणसाने मनावर घेतले तर त्याला धनवान होता येते, त्याचे दारिद्र्य हे बव्हंशी त्याच्याच विचारांचे फळ असते, आणि अमुक इतके नियम निष्ठेने पाळले की लक्ष्मी त्याच्या घरी पाणी भरू लागते, असे हे ग्रंथ सांगतात. नेपोलियन हिल यांचे ‘थिंक अँड ग्रो रिच’, रॉबर्ट कियोसाकी यांचे ‘रिच डॅड पुअर डॅड’ आणि रोंडा बर्न यांचे ‘द सीक्रेट’ ही त्यांतील अग्रगण्य नावे असून तिन्ही मराठीत उतरलेली आहेत. नोकरीच्या शोधात वणवण करणारा पदवीधर, हप्त्यांनी गांजलेला पगारदार, गिऱ्हाईक तुटल्यामुळे हवालदिल झालेला लहान दुकानदार अशी माणसे ती आशेने विकत घेतात. आणि ज्या अर्थी या उपदेशावर गरजवंताचा पैसा आणि त्याहून मौल्यवान असा त्याचा विश्वास खर्ची पडतो, त्या अर्थी त्याची परीक्षा टवाळीने न करता आस्थेने, परंतु हिशेबाला कोठेही सूट न देता, करणे अगत्याचे आहे.

हा उपदेश आजचा नव्हे. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७५८ साली आपल्या वार्षिक पंचांगाच्या प्रस्तावनेदाखल जो मजकूर लिहिला, तोच पुढे ‘द वे टु वेल्थ’ या नावाने प्रसिद्धी पावला. लिलाव सुरू होण्याची वाट पाहत जमलेल्या लोकांना अब्राहम नावाचा एक वृद्ध गृहस्थ उद्योग करा, खर्चाला आळा घाला आणि कर्जाच्या वाटेला जाऊ नका, असे कळकळीने सांगतो. लोक ते सारे मन लावून ऐकतात, त्याला मान्यता देतात, आणि लिलाव उघडताच नको त्या चैनीच्या वस्तूंवर चढाओढीने बोली लावू लागतात. एकटा निवेदक तेवढा नव्या कोटाच्या कापडाचा बेत रहित करून जुन्याच कोटावर आणखी काही दिवस काढण्याचे ठरवितो. या साहित्यप्रकाराच्या आद्य पुरुषाने उपदेश ऐकणे आणि उपदेश आचरणे यांमधील अंतर पहिल्याच खेपेस इतक्या स्पष्टपणे नोंदवून ठेवले होते.

त्यानंतर शंभर वर्षांनी, १८५९ साली, सॅम्युएल स्माइल्स यांचे ‘सेल्फ-हेल्प’ प्रसिद्ध झाले. लीड्स येथील तरुण कामगारांनी परस्परांना शिकविण्यासाठी चालविलेल्या मंडळात स्माइल्स यांनी जी व्याख्याने दिली, त्यांतून हा ग्रंथ उभा राहिला; आणि त्याचा भर द्रव्यसंचयापेक्षा चारित्र्य, चिकाटी व स्वावलंबन यांवर होता. परंतु एकोणिसावे शतक सरता सरता अमेरिकेत, मनातील विचारच बाह्य परिस्थिती घडवितात असे मानणारी विचारसरणी बळावली आणि उपदेशाचा रोख पालटला. वॉलेस वॉटल्स यांनी १९१० साली ‘द सायन्स ऑफ गेटिंग रिच’ या ग्रंथात श्रीमंती हे गणितासारखे निश्चित शास्त्र असल्याचे प्रतिपादन केले, आणि जवळजवळ शंभर वर्षांनी त्याच ग्रंथापासून स्फूर्ती घेऊन बर्न यांनी ‘द सीक्रेट’ सिद्ध केले. फ्रँकलिन यांच्या उपदेशात जे स्थान श्रमाला आणि जमाखर्चाला होते, ते अशा रीतीने इच्छेला व कल्पनेला मिळाले.

या परिवर्तनाचा सर्वांत प्रभावी ग्रंथ म्हणजे हिल यांचा, १९३७ साली, महामंदीने पोळलेल्या अमेरिकेत निघालेला. त्याचा सारा अधिकार एका कथेवर उभा आहे. १९०८ साली पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी आपल्याला भेटीस बोलावले, यशाचे रहस्य सांगितले, आणि वीस वर्षे खपून पाचशेंहून अधिक यशस्वी पुरुषांचा अभ्यास करण्याची कामगिरी सोपविली, असे हिल सांगत. पण कार्नेगी १९१९ साली निवर्तले होते, त्यामुळे त्यांचा होकार किंवा इन्कार मिळण्याचा मार्ग उरलेला नव्हता; आणि कार्नेगी यांच्या दप्तराचा कसून धांडोळा घेऊन त्यांचे विस्तृत चरित्र लिहिणारे इतिहासकार डेव्हिड नासॉ यांना अशी भेट झाल्याचा कोणताही पुरावा आढळला नाही. लक्षावधी लोकांनी ज्याला अनुभवाचे सार मानले, त्याचा मूळ दस्तऐवजच अशा प्रकारे संशयास्पद आहे.

आता खुद्द कार्नेगी यांच्या श्रीमंतीचा उगम पाहू. स्कॉटलंडमधून १८४८ साली अमेरिकेत आलेला हा बारा वर्षांचा मुलगा आठवड्याला सव्वा डॉलरहूनही कमी वेतनावर कापडगिरणीत राबला. त्याची बुद्धी तल्लख होती आणि उद्योगाला सीमा नव्हती, हे निःसंशय. परंतु पेनसिल्व्हेनिया रेलरोडचे अधिकारी टॉमस स्कॉट यांनी त्याला हाताशी धरले, वरच्या जागी चढविले आणि भागभांडवलात पैसा गुंतविण्याची पहिली संधीही दाखवून दिली. देशभर लोहमार्ग पसरत असल्यामुळे पोलादाला अमाप मागणी होती, परदेशी पोलादावर सरकारने जबर जकात बसविली होती, आणि पोलाद स्वस्तात करण्याची बेसेमर प्रक्रिया नुकतीच उपलब्ध झाली होती. १८९२ साली त्यांच्या होमस्टेड येथील कारखान्यातला संप मोडून काढताना माणसे प्राणास मुकली, तोही या संपत्तीच्या इतिहासाचाच भाग होय. १९०१ साली कार्नेगी यांची पोलाद कंपनी ४८ कोटी डॉलरना विकली गेली, तेव्हा त्या रकमेत एका माणसाच्या इच्छाशक्तीबरोबर आश्रयदाता, काळ, कायदा, यंत्र आणि सहस्रावधी मजुरांचे श्रम हे सारे जमा झालेले होते. उपदेशाच्या ग्रंथांत यांपैकी पहिली बाब तेवढी शिल्लक राहते.

आपल्याकडील उदाहरण घ्यावयाचे तर लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे घ्यावे. मुंबईची शिक्षकाची नोकरी सोडून ते बेळगावास आले, सायकलींचा व्यापार केला, कडबा कापण्याची यंत्रे काढली आणि लोखंडी नांगर घडविला. लोखंडाने जमीन नासेल या भीतीने शेतकरी त्या नांगराला हात लावीनात, तरी हा पुरुष खचला नाही. आत्मविश्वासाचे आणि चिकाटीचे याहून तेजस्वी उदाहरण शोधूनही सापडणार नाही. तथापि बेळगावची जागा सोडणे भाग पडले तेव्हा त्यांचा कारखाना वाचला तो औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानात जमीन दिली आणि कर्जाऊ रक्कम पुढे केली म्हणून. १९१० साली तेथील माळरानावर किर्लोस्करवाडी वसली. तितक्याच निर्धाराचे दुसरे कारागीर त्या काळी महाराष्ट्रात असतीलच. त्यांना पंतप्रतिनिधी भेटले नाहीत आणि त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. श्रीमंतीच्या या तथाकथित शास्त्रातील मूलभूत दोष येथेच आहे. जे यशस्वी झाले त्यांनाच विचारावयाचे, त्यांच्यात जे गुण आढळतील त्यांना यशाचे कारण ठरवावयाचे, आणि तेच गुण अंगी असून जे बुडाले त्यांची नोंदच घ्यावयाची नाही, अशा पद्धतीने काढलेला निष्कर्ष कोणत्याही न्यायासनापुढे टिकणार नाही.

मग मनाच्या सामर्थ्यात काहीच तथ्य नाही काय? या प्रश्नाचे मानसशास्त्राने दिलेले उत्तर विचार करण्याजोगे आहे. गॅब्रिएल ओटिंगेन आणि डोरिस मायर यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात नोकरी शोधणाऱ्या पदवीधरांचा दोन वर्षांनी पुन्हा मागोवा घेतला होता. उत्तम नोकरी लागल्याच्या सुखद कल्पनांत जे वारंवार रमत असत, त्यांनी अर्ज कमी केले होते, त्यांना नोकरीचे देकार कमी आले होते, आणि त्यांचा पगारही कमी होता. उलट, पूर्वानुभवाच्या आधारे यशाची रास्त अपेक्षा बाळगणाऱ्यांची प्रगती अधिक झाली होती. लॉस एंजेलिस येथील विद्यार्थ्यांवरील एका प्रयोगातही असेच दिसले. परीक्षेत उत्तम गुण मिळाल्याचे चित्र रोज डोळ्यांपुढे आणणारे मागे पडले, आणि आपण केव्हा, कोठे व कसा अभ्यास करणार याची मनात उजळणी करणारे पुढे गेले. कल्पनेतच फळ चाखून झालेले मन श्रमाला अनुत्सुक होते, असा याचा अर्थ लावता येतो. तेव्हा आत्मविश्वास उपयोगी आहे, पण तो कामाला जुंपलेला असेल तरच.

या साहित्याचा दुसरा प्रवाह काटकसरीचा, आणि तो पहिल्याहून पुष्कळ प्रामाणिक आहे. जॉर्ज क्लेसन यांच्या ‘द रिचेस्ट मॅन इन बॅबिलॉन’मधील, मिळकतीचा दशांश आधी बाजूला काढावा, हा उपदेश त्याचा नमुना होय. त्याचा हिशेब कागदावर मांडून पाहावा. महिना २०,००० रुपये मिळविणाऱ्या माणसाने २,००० रुपये, म्हणजे वर्षाला २४,००० रुपये, नेमाने शिलकीत टाकले आणि त्यांवर शेकडा ७ दराने चक्रवाढ व्याज मिळाले, तर वीस वर्षांत ४,८०,००० रुपये मुद्दलाचे सुमारे ९,८४,००० रुपये होतील. महागाई मात्र दरसाल शेकडा ५ ने वाढत राहिली, तर त्या रकमेची खरेदीशक्ती आजच्या सुमारे ३,७१,००० रुपयांइतकीच भरेल. एवढ्यावर कोणी धनाढ्य होत नाही; पण आजारपण, शिक्षण किंवा नोकरी जाणे अशा प्रसंगी सावकाराच्या दारी जाण्याची पाळी टळते, आणि ही गोष्ट लहान नव्हे. ५०,००० रुपये दरमहा शेकडा ३ ने उचलले तर वर्षाला १८,००० रुपये केवळ व्याजापोटी जातात. तेवढेच पैसे शेकडा ७ ने ठेवले असता वर्षाचे व्याज ३,५०० रुपये येते. म्हणून गरीब माणसाच्या बाबतीत महागडे कर्ज फेडणे हीच सर्वांत किफायतशीर गुंतवणूक ठरते.

पण दशांश बाजूला काढावयास आधी तो उरला पाहिजे, आणि ठेवावयास सुरक्षित जागा पाहिजे. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे चेतना सिन्हा यांनी १९९७ साली माणदेशी महिला बँक उभी केली, ती या दुसऱ्या गरजेपोटी. लोहारकाम करणाऱ्या एका बाईंना रोजची किरकोळ रक्कम शिलकीत टाकावयाची होती आणि कोणतीही बँक खाते उघडून देईना. प्रवर्तक स्त्रियांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून रिझर्व्ह बँकेने आरंभी परवाना नाकारला. तेव्हा त्या स्त्रिया अक्षरे शिकल्या आणि अधिकाऱ्यांपुढे पुन्हा उभ्या राहून म्हणाल्या की व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करतो, आमची परीक्षा घ्या. त्या स्त्रियांना काटकसर शिकवावी लागली नव्हती. उणीव होती ती त्यांची बचत स्वीकारणाऱ्या संस्थेची.

आज हा उपदेश पुस्तकांतून निघून शिबिरांत, भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आणि भागबाजाराच्या शिकवण्यांत शिरला आहे, आणि तेथे त्याची झळ अधिक प्रत्यक्ष लागते. घरबसल्या बाजारात सौदे करून महिन्याकाठी पगाराहून अधिक कमवा, असे सांगणाऱ्यांच्या नादी लागून तरुण माणसे फ्युचर्स आणि ऑप्शन्सच्या, म्हणजे भावांच्या भावी चढउतारावर लावलेल्या सौद्यांच्या, व्यवहारांत उतरतात. भागबाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत असे व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या, आणि दरडोई तोटा सरासरी सुमारे दोन लाख रुपये होता. जेथे शंभरांतील त्र्याण्णव हरतात, तेथे योग्य मनोवृत्तीची उणीव हे हरण्याचे कारण असू शकत नाही. आणि अशा ठिकाणी शिकवणी घेणाऱ्याची प्राप्ती विद्यार्थ्यांच्या यशावर अवलंबून नसून केवळ त्यांच्या संख्येवर अवलंबून असते.

या उपदेशाने होणारी सर्वांत मोठी हानी मात्र पैशाची नाही. श्रीमंती विचारांनी येते असे एकदा मानले की दारिद्र्य हा विचारांचा गुन्हा ठरतो. मग अवर्षणाने पीक गेलेला शेतकरी, गिरणी बंद पडल्यामुळे रस्त्यावर आलेला कामगार आणि औषधोपचारापायी घर गहाण टाकणारे कुटुंब, हे सारे आपापल्या विपत्तीचे कर्ते म्हणून उभे केले जातात. गांजलेल्या माणसाला त्याच्या यातनेबरोबर तिची लाजही सोसावयास लावणे हा घोर अन्याय आहे, आणि पाणी, पतपुरवठा, रास्त मजुरी व सार्वजनिक आरोग्य यांविषयी राज्यकर्त्यांना जे प्रश्न विचारले पाहिजेत, त्यांवरून समाजाचे लक्ष उडविण्याचे कार्यही तो करतो.

तेव्हा या ग्रंथांचे मोल असे ठरते. जमाखर्च लिहा, कर्ज टाळा, शिल्लक टाका, कसब वाढवा, अपयशाने खचू नका, एवढा त्यांतील भाग खरा आहे आणि ज्याला तो कोणी सांगितला नसेल त्याने तो अवश्य घ्यावा. त्यासाठी एक पुस्तक पुरे, आणि तेही वाचनालयातून आणलेले. श्रीमंतीची हमी देणारा उरलेला भाग पुराव्याच्या कसोटीला उतरत नाही. शिबिराची फी भरण्यापूर्वी वाचकाने शिकविणाऱ्याला इतकेच विचारावे की त्याची स्वतःची संपत्ती तो शिकवितो त्या मार्गाने आली की शिकविण्याच्या फीमधून आली. आणि उत्तरादाखल लेखी हिशेब मिळाला नाही, तर ती फी डोक्यावर असलेल्या सर्वांत महागड्या कर्जाच्या मुद्दलात भरून टाकावी.