स्फटिकाचे पैलू आणि सांडपाण्याची शुद्धी

पनवेल तालुक्यातील तळोजे औद्योगिक वसाहतीतून वाहणारी कासाडी नदी पुढे खाडीस मिळते. ऑगस्ट २०१७ मध्ये ह्या परिसरातील भटक्या कुत्र्यांच्या अंगावर निळा रंग चढलेला आढळला, तेव्हा कारखान्यांतील रंगद्रव्यांच्या प्रश्नाकडे सर्वांचे लक्ष वेधले. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने संबंधित कारखाना बंद करण्याचा आदेश दिला. दूषित पाण्याची झळ अखेर नदीकाठच्या शेतीस, गुरांस व मासेमारीस पोहोचते. पुष्कळशी कृत्रिम रंगद्रव्ये शेणाप्रमाणे वा पालापाचोळ्याप्रमाणे सहजी कुजत नाहीत. म्हणून प्रकाशाच्या साह्याने त्यांचे विघटन करण्याची रीत शास्त्रज्ञ अभ्यासीत आहेत. तिला प्रकाश-उत्प्रेरण म्हणतात. तिच्याकडून कोणती अपेक्षा धरावी व कोणती धरू नये, हे ग्रामसेवक व शेतकरी बंधूंनी समजून घेणे जरूर आहे.

प्रकाश-उत्प्रेरण म्हणजे काय?

टायटेनियम डायऑक्साइड ही पांढरी भुकटी रंगाच्या धंद्यात फार वापरली जाते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत सापडणारे इल्मेनाइट हे तिचे एक खनिज होय. ह्या भुकटीच्या कणावर अतिनील किरण पडले, म्हणजे कणातील इलेक्ट्रॉन जागेवरून उठतो व त्याची जागा रिकामी राहते. ही रिकामी जागा पाण्यापासून अतिशय तीव्र असे हायड्रॉक्सिल मूलक निर्माण करते. हे मूलक रंगद्रव्याचे तुकडे पाडते व शेवटी त्यातून मुख्यतः कार्बन डायऑक्साइड व पाणी उरते. कण मात्र खर्च होत नाही. टायटेनियम डायऑक्साइडवर प्रकाश पाडून पाण्याचे विघटन होते, हे जपानमधील फुजिशिमा व होंडा ह्यांनी १९७२ साली प्रसिद्ध केले. तेव्हापासून ह्या शाखेस मोठी चालना मिळाली.

येथे एक अडचण येते. उठलेला इलेक्ट्रॉन क्षणार्धात आपल्या जागी परतला, तर प्रकाशाची शक्ती उष्णतेत वाया जाते. हा अपव्यय किती होईल हे ज्या गोष्टींवर अवलंबून असते, त्यांत स्फटिकाचा आकार ही एक महत्त्वाची गोष्ट होय.

मिठाचे उदाहरण

उरण-पेणच्या मिठागरांत पिकणाऱ्या मिठाचा खडा निरखून पाहिल्यास तो चौकोनी ठोकळ्यासारखा दिसतो. परंतु मिठाच्या द्रावणात भरपूर युरिया विरघळवून ते सावकाश आटविले, तर त्याच मिठाचे आठ पैलूंचे स्फटिक तयार होतात. मीठ बदलत नाही, त्याचा आकार बदलतो. ह्याचे कारण असे की, स्फटिकाचा जो पैलू भराभर वाढतो तो वाढता वाढता लोपतो, व जो सावकाश वाढतो तोच शेवटी शिल्लक राहतो. युरिया काही पैलूंची वाढ मंदावतो, म्हणून ते टिकतात. (असे मीठ खाण्यात अगर गुरांच्या चाऱ्यात कदापि येऊ देऊ नये. युरियाने गुरांस विषबाधा होते.)

पैलूंचे महत्त्व

टायटेनियम डायऑक्साइडच्या ॲनाटेज नावाच्या प्रकारातही हेच घडते. त्याचा स्फटिक म्हणजे जणू देवळाची दोन शिखरे बुडाशी बूड लावून जोडलेली. सामान्यतः त्याच्या पृष्ठभागापैकी शेकडा ९४ हून अधिक भाग उतरत्या पैलूंचा असतो. दोन्ही टोकांचे सपाट पैलू अधिक क्रियाशील, परंतु वाढीच्या ओघात ते जवळजवळ नाहीसे होतात. २००८ साली ऑस्ट्रेलिया व चीन येथील शास्त्रज्ञांनी फ्लोरिनयुक्त द्रावणाच्या योगे सपाट पैलूंचे प्रमाण शेकडा ४७ पर्यंत नेले. मिठात जे काम युरिया करतो, तेच येथे फ्लोरिनने केले.

सपाट पैलू जितके जास्त तितके उत्तम, असे मात्र नाही. इलेक्ट्रॉन प्रायः उतरत्या पैलूंकडे व रिकाम्या जागा सपाट पैलूंकडे ओढल्या जातात. दोन्ही पैलू योग्य प्रमाणात असले, म्हणजे त्यांची फारकत होऊन अपव्यय टळतो.

मर्यादा व दक्षता

१. जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्यप्रकाशात अतिनील किरणांचा वाटा शेकडा सुमारे ३ ते ५ एवढाच असतो. गढूळ अगर गडद रंगाच्या पाण्यात ते खोल शिरत नाहीत. म्हणून पाणी आधी निवळून घ्यावे लागते व त्याचा थर उथळ ठेवावा लागतो.

२. खाडीच्या पाण्यातील क्षार मूलकांना अडवितात. त्यामुळे खाऱ्या पाण्यात क्रिया मंदावते.

३. ह्या रीतीने सेंद्रिय द्रव्ये तुटतात. मीठ व जड धातू नाहीसे होत नाहीत. सबब खारजमिनीस बांध, पावसाच्या पाण्याने क्षारांची धूप व पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने काढलेल्या पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ ह्यांसारख्या क्षारसहनशील भातजाती हेच उपाय होत.

४. रंगाच्या दुकानातील पांढरी भुकटी विहिरीत वा तळ्यात टाकू नये. रंग लवकर बिघडू नये म्हणून त्या भुकटीच्या कणांवर सहसा लेप दिलेला असतो व त्यांची क्रियाशीलता मुद्दाम दडपलेली असते. नाव तेच असले तरी काम उलट होते. शिवाय पाण्यात टाकलेले सूक्ष्म कण गाळून परत काढणे कठीण असते.

५. पैलू घडविण्याकरिता वापरले जाणारे हायड्रोफ्लुओरिक आम्ल प्राणघातक आहे. ते काम सुसज्ज प्रयोगशाळेतच व्हावयास हवे.

सारांश, प्रकाश-उत्प्रेरण ही कारखान्याच्या आवारातील शुद्धीकरणास पूरक ठरू शकणारी रीत आहे. ती त्या शुद्धीकरणाची जागा घेऊ शकत नाही. पाणी नदीत सोडण्यापूर्वी शुद्ध करणे ही कारखान्याचीच जबाबदारी होय. नदीचा रंग वा वास बदलल्याचे, अगर मासे मरून वर आल्याचे दिसताच ग्रामसेवकांनी दिवस, वेळ व ठिकाण लिहून ठेवून ग्रामपंचायतीमार्फत प्रदूषण नियंत्रण मंडळास तत्काळ कळवावे, आणि पाण्याची तपासणी होईपर्यंत ते पाणी पिकास वा गुरांस देऊ नये असे शेतकऱ्यांस सांगावे.