दुबईच्या लग्नास जातांना

हल्लीं लग्नें दुबईच्या हॉटेलांतहि लागतात. वऱ्हाड शालू-पैठण्या आठवणीनें बांधतें. पासपोर्टची मुदत मात्र पाहत नाहीं. ती निदान सहा महिने उरलेली असावी लागते. त्याहून मोठा धोका रुखवताच्या डब्यांत असतो. अनारशांवरील खसखस ही अफूच्या बोंडांतील. अमिरातींत ती निषिद्ध असून थोडी सांपडली तरी तुरुंगाची वेळ येऊं शकते. अनारसे घरींच राहूं द्यावेत. विहीणबाईंचा रुसवा परवडला! अंगावरील सोन्याचीहि काळजी घ्यावी. निघतांनाच विमानतळावर कस्टमच्या अधिकाऱ्यास दागिने दाखवून निर्यातीचा दाखला घ्यावा. दुबई ही सोन्याची पेठ. दाखला नसल्यास परततांना आजीच्या पाटल्या तेथें खरेदी केलेल्या नाहींत, हें पटवितां पटवितां नाकीं नऊ येतात.