व्हेरोनाची ‘आईदा’

इटलीतल्या व्हेरोना शहरातलं ‘अरेना’ हे खुलं रोमन रंगमंडल पहिल्या शतकातलं. १११७ च्या भूकंपात त्याची बाहेरची भिंत कोसळली, चार कमानी तेवढ्या उरल्या. इथला उन्हाळी ऑपेरा महोत्सव १० ऑगस्ट १९१३ रोजी सुरू झाला. संगीतकार ज्युसेप्पे व्हेर्दीच्या जन्मशताब्दीनिमित्त गायक जोव्हान्नी झेनातेल्लो यांनी पुढाकार घेतला आणि पहिला मान व्हेर्दीच्याच ‘आईदा’ला मिळाला. ती आजही या महोत्सवाची ओळख आहे.

‘आईदा’चा पहिला प्रयोग मात्र इटलीत नव्हे, तर कैरोत झाला, २४ डिसेंबर १८७१ रोजी. तो वर्षभर आधीच व्हायचा होता. पण नेपथ्य आणि पोशाख पॅरिसमध्ये तयार होत होते, आणि प्रशियाच्या फौजांनी पॅरिसला वेढा घातला. सामान तिथेच अडकलं.

कथा इजिप्तचा सेनापती रादामेस आणि बंदिवान इथिओपियन राजकन्या आईदा यांच्या प्रेमाची. फॅरोची मुलगी आम्नेरिसही त्याच्यावर जीव टाकते. दुसऱ्या अंकातली विजययात्रा, त्यातल्या लांब सरळ तुताऱ्या आणि शेकडो कलावंतांचा ताफा पाहायला लोक गर्दी करतात. पण व्हेर्दीची खरी थोरवी अखेरच्या प्रवेशात आहे. जिवंत पुरलेले दोन प्रेमिक हलक्या सुरात निरोप घेतात, वर आम्नेरिस शांतीची प्रार्थना करते. हजारोंच्या त्या रिंगणात इतकं नाजूक संगीत पोचवणं हीच गायकांची कसोटी.

प्रयोग मध्यरात्र उलटेपर्यंत चालतो. वरच्या दगडी पायऱ्यांचं तिकीट काढलंत, तर बसायला उशी जरूर न्या.